एकसष्ट टक्के

काचवाल्यांना दोन वाक्यं बोलायची फार हौस होती. पहिलं गाडीबद्दल: "कंपनीतून आली तशी आहे. एक स्क्रू बदललेला नाही." दुसरं स्वतःबद्दल: "बारा वर्षांत माझ्या गाडीत एक काच तडकलेली नाही." कुणी विचारायची वाट ते पाहत नसत. खिडकीचं माप घ्यायला गेले की टेप उघडायच्या आत पहिलं वाक्य होऊन जायचं आणि टेप मिटायच्या आत दुसरं. दुसऱ्या वाक्यानंतर मात्र ते जरा थांबत आणि खालच्या आवाजात "पहिला महिना सोडून" असं जोडत, कारण माणूस बढाईखोर असला तरी खोटारडा नव्हता.

गाडी म्हणजे पांढरी डिझेल पिकअप. तिचे टायर बदलले होते, ब्रेकची पॅडं बदलली होती, दोन बॅटऱ्याही झाल्या होत्या, पण हे काचवाल्यांच्या लेखी बदलण्यात मोडत नसे. "आपण नखं कापतो, केस कापतो, म्हणून काय दुसरेच होतो का?" असं ते विचारत, आणि या प्रश्नाला अजून कुणी उत्तर दिलं नव्हतं. मागच्या हौद्यात काचा तिरक्या उभ्या करायची लाकडी चौकट होती, तिला सगळे घोडा म्हणत. घोडा हे सामान, गाडी नव्हे, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं.

या धंद्याचा पहिला नियम असा, की काच कशावरही थेट टेकवायची नाही. लोखंडावर नाही, लाकडावर नाही, फरशीवर तर नाहीच नाही. खाली रबराचा ठोकळा हवा. काचवाल्यांच्या दुकानात अशा काळ्या ठोकळ्यांची मोठी पेटी होती आणि प्रत्येक ठोकळ्यावर पिवळ्या तेलखडूनं त्याची जाडी लिहिलेली असे. ते लिहायचं काम त्यांच्या बायकोचं. तिचा दोनचा आकडा शेपटीला असा काही वळायचा, की दुकानात येणारं गिऱ्हाईकही तो ओळखत असे.

दुकान पुढे आणि घर मागे, त्यामुळे हे ठोकळे हळूहळू घरात शिरले. फ्रिजच्या एका पायाखाली ठोकळा, शिलाई मशीनखाली दोन, दार आपटू नये म्हणून दारामागे एक, खिडकी वाऱ्यानं मिटू नये म्हणून तिथं एक. घरात डुगडुगणारी वस्तू औषधालाही उरली नव्हती. नवा माणूस आला की विचारायचा, "हे जागोजागी काय लावलंय?" आणि घरातली माणसं खरोखरच आजूबाजूला बघून म्हणायची, "काय लावलंय?" इतकी त्यांची नजर ठोकळ्यांना सरावली होती. पुढे जे घडलं त्याचं मूळ इथंच आहे.

बायको दहा वर्षं मापांची वही मांडीवर घेऊन पिकअपमध्ये शेजारच्या सीटवर बसली. दोन वर्षांपूर्वी तिच्या गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली आणि ती दुकानातच बसायला लागली. तिच्या बाजूची रबरी मॅट पुढच्या अंगाला पार झिजली होती, इतकी की खालचा पत्रा दिसायचा. काचवाले त्यावरून तिला कायम चिडवायचे, "बसल्या जागी कुठं चालत निघालीस?" त्यावर ती म्हणायची, "तुम्ही न्याल तिथंच," आणि खिडकीबाहेर बघत राहायची.

तर अशा या सुखी माणसाला बागेचं काम मिळालं.

गावाबाहेरच्या टेकडीवर एक मोठी सार्वजनिक बाग होती आणि बागेत एक जुनं काचघर. नाजूक झाडं थंडीत तिथं ठेवत. त्याच्या सगळ्या काचा काढून नव्या जाड काचा बसवायच्या होत्या, थंडी पडायच्या आत. काचवाल्यांनी उमेदवारीच्या काळात याच काचघराच्या चार काचा बसवल्या होत्या आणि त्यांतली एक खाली पाडून उस्तादांची बोलणी खाल्ली होती. आता सबंध काचघर त्यांच्या हाती आलं होतं. ते आठवडाभर घरात शीळ घालत हिंडत होते.

पहिल्या खेपेला त्यांनी घोड्यावर तीस काचा चढवल्या. वजन सातशे किलोच्या आसपास. गावातल्या सपाट रस्त्यावर गाडी शहाण्यासारखी चालली, टेकडीचा निम्मा चढही चढली. पण पाण्याच्या टाकीपाशी जे शेवटचं वळण आहे, तिथं तिनं मान टाकली. पहिला गिअर, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला, आणि इंजिन धापा टाकत बंद. गाडी वीतभर मागे सरकली. काचवाल्यांनी ब्रेकवर पाय दाबून धरला आणि मागे तीस काचा एकमेकींना किणकिणल्या तो आवाज ऐकला. काच फुटली नाही. पण ते उतरले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. मग त्यांनी गाडी तशीच उलटी टाकीपर्यंत आणली, तिथं पंधरा काचा झाडाच्या सावलीत उतरवल्या आणि दोन खेपा केल्या.

तेव्हापासून पंधरा-पंधराच्या खेपा सुरू झाल्या आणि काम रांगायला लागलं. बागेचे व्यवस्थापक मवाळ माणूस, त्यांनी चार दिवस वाट पाहिली. मग शुक्रवारी काचवाल्यांना सावलीत बोलावून म्हणाले, "हे बघा, काचा बसवाव्यात त्या तुम्हीच, त्यात वादच नाही. पण सोमवारपासून खेपेला तीस काचा येणार नसतील, तर आणायचं काम मी मोठ्या ट्रकवाल्यांना देतो. थंडी माझं ऐकायची नाही."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बरं झालं, डोक्याचा ताप गेला. काचवाल्यांच्या मात्र ते वर्मी लागलं. काच बसवणं कुणालाही शिकवता येतं. काच आणणं ही त्यांची कला. आपल्या काचघराच्या काचा परक्या ट्रकमधून आदळत-आपटत येणार आणि आपण खाली उभं राहून त्या मोजून घेणार, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

"बाबा, एकदा त्याला गाडी बघू दे ना," मुलगी म्हणाली.

'तो' म्हणजे तिचा नवरा. जावई चांगला होता, हे काचवाले मान्य करत, फक्त त्याच्या धंद्याचा विषय निघाला की त्यांचा चेहरा लिंबू पिळल्यासारखा व्हायचा. रंगाच्या दुकानाशेजारी दोन खोल्या घेऊन त्यानं तीन महिन्यांपूर्वी काम सुरू केलं होतं. गाडीला लॅपटॉप जोडायचा आणि इंजिनचा जो कॉम्प्युटर असतो, त्यात डिझेल किती, हवा किती, जोर किती हे नव्यानं ठरवून द्यायचं. याला तो ट्यूनिंग म्हणायचा. काचवाल्यांच्या मते हे चांगल्या घरच्या गाड्यांना भलतंसलतं शिकवणं होतं. लग्नाला तीन वर्षं झाली तरी त्यांनी जावयाच्या हातात पिकअपची किल्ली दिली नव्हती. एकदा त्यानं नुसती बाजूला लावायला मागितली होती, तर "राहू द्या, जावईबापू, मी लावतो," म्हणत ते जेवणावरून उठून गेले होते.

"माझी गाडी कंपनीतून आली तशी आहे," काचवाले म्हणाले.

"ती तशी आहे म्हणूनच चढत नाहीये," मुलगी म्हणाली.

बायको मध्येच उठली आणि रिकामे कप गोळा करायला लागली. त्यात एक भरलेलाही होता. "कशाला उगीच गाडीच्या पोटात हात घालायचा?" ती म्हणाली. "पंधराच्या खेपा चालल्यात त्या काय वाईट आहेत?" एवढं बोलून ती आत गेली. काचवाल्यांना वाटलं, चला, घरात निदान एक माणूस आपल्या बाजूचं आहे.

त्यांनी आपल्या नेहमीच्या मिस्त्रीलाही विचारलं. मिस्त्री गेली बारा वर्षं गाडीचं ऑइल बदलत आला होता. तो हात पुसत म्हणाला, "कंपनीनं काय वेडी माणसं बसवलीत का? त्यांनी हिशेब करूनच इंजिन दिलंय. गाडी म्हातारी झाली, साहेब. आपणही झालोच की." पहिलं वाक्य काचवाल्यांना फार आवडलं होतं. शेवटच्या दोन वाक्यांनी सगळ्यावर पाणी पडलं. तिथून ते सरळ जावयाच्या दुकानात गेले.

शनिवारची सकाळ होती. जावयाचं दुकान त्यांनी आतून पहिल्यांदाच नीट पाहिलं. भिंती स्वच्छ, वायरी गुंडाळून खिळ्यांना लावलेल्या, जमिनीवर तेलाचा थेंब नाही. त्यांना भडक चित्रं अपेक्षित होती. तिथं फक्त एक घड्याळ होतं. लॅपटॉपचं टेबल मात्र डुगडुगत होतं. काचवाल्यांचा हात सवयीनं खिशाकडे गेला, पण खिशात ठोकळा नव्हता.

"हे बघा," ते उभ्या उभ्याच म्हणाले, "मला स्पष्ट सांगा. माझ्या गाडीसारख्या साध्या गाडीला याचा उपयोग आहे का? का नुसता आवाज वाढतो?"

आता इथं जावयाला आपल्या धंद्याची बढाई मारायची चांगली संधी होती. तीन महिन्यांत त्याच्याकडे आलेली गिऱ्हाइकं बहुतेक आवाजाचीच होती. पिकअप चढवून दाखवली असती तर गावातले सगळे मालवाहू गाडीवाले त्याच्या दारात आले असते, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"उपयोग आहे," तो म्हणाला, "पण फुकटात काही मिळत नाही. ओढ वाढते, हे खरं. पण इंजिन जास्त तापतं, क्लचवर ताण येतो, टर्बो लवकर झिजतो. कंपनी इंजिनच्या ताकदीतली थोडी राखून ठेवते, ती वाईट डिझेलसाठी, उन्हासाठी, निष्काळजी माणसासाठी. मी ती राखलेली काढून देतो, एवढंच. म्हणून आधी बघू, आहे तेवढी तरी गाडी पूर्ण देतेय का. ती देत असेल आणि तरी कमी पडत असेल, तर पुढचं बोलू."

काचवाल्यांनी मान हलवली. त्यांना हे बोलणं ओळखीचं वाटलं. पातळ काच चालेल का असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला ते स्वतः अगदी असंच समजावत.

जावयानं स्टिअरिंगखाली वायर जोडली आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर बसला. इंजिन बंदच होतं, फक्त किल्ली फिरवलेली. "बाबा, ॲक्सिलरेटर हळूहळू दाबा."

पडद्यावर टक्क्यांचा आकडा चढू लागला. दहा. तीस. पन्नास. एकसष्ट. तिथं थांबला.

"पूर्ण दाबा."

"पूर्णच दाबलंय."

"शंभर यायला पाहिजे."

"माझ्या पायाला शंभर म्हणजे किती ते कळत नाही, जावईबापू, पण खाली आता जागाच नाही."

जावयानं सोडायला सांगितलं, पुन्हा दाबायला सांगितलं. शून्य, एकसष्ट. शून्य, एकसष्ट. त्याला वाटलं पेडलचा सेन्सर गेला असेल. तो उतरून काचवाल्यांच्या बाजूला आला, टॉर्च घेऊन गाडीत उलटा शिरला. पाय दाराबाहेर आणि डोकं पेडलांच्या खाली, अशा अवस्थेत तो टॉर्च इकडेतिकडे फिरवत राहिला.

"बाबा," आतून आवाज आला, "हा ठोकळा कंपनीचा आहे का?"

"कुठला ठोकळा?"

"ॲक्सिलरेटरच्या मागे. रबराचा. पत्र्याला चिकटवलाय. त्याच्यावर पिवळं काहीतरी लिहिलंय, पुसट झालंय. पंचवीस."

काचवाले गुडघे टेकून वाकले. धुळीनं राखाडी झालेला, पण ठोकळा दुकानातलाच होता. आणि दोनच्या आकड्याची शेपटी त्या ओळखीच्या वळणानं वर गेलेली.

बारा वर्षं ते या ठोकळ्यावर पाय दाबत आले होते. बारा वर्षं मिस्त्रीनं या पेडलखाली हात घातला होता. घरातल्या ठोकळ्यांना जशी सगळ्यांची नजर सरावली होती तशीच यालाही, आणि कुणाला तो दिसला नाही. काचवाले स्टुलावर जाऊन बसले. त्यांचा चेहरा असा झाला होता, की जावयानं हसू गिळायला घड्याळाकडे बघितलं.

"म्हणजे गाडी कंपनीतून आली तशी नाही," काचवाले हळूच म्हणाले.

"नाही. हिचं ट्यूनिंग आधीच झालंय." जावयाला राहवलं नाही. "आणि चांगलं झालंय. उतरवू का तो?"

काचवाल्यांनी हात वर केला. "थांबा. ज्यानं लावला त्याला विचारल्याशिवाय नको."

घरी बायको दुकानात बसून आरशाच्या कडा पुसत होती. काचवाल्यांनी रस्ताभर चार वेगवेगळी वाक्यं जुळवली होती, त्यांतली दोन चांगलीच कडक होती. प्रत्यक्षात ते म्हणाले, "अगं, पंचवीसचा ठोकळा."

ती पुसायची थांबली. कुठला, असं तिनं विचारलं नाही. "सापडला का?" ती म्हणाली. "मला वाटलंच होतं, लॅपटॉप लावला की सापडणार."

"कधी लावलास?"

"आरशाच्या दुसऱ्या दिवशी. दुपारी तुम्ही झोपला होतात."

आरसा म्हणजे तो 'पहिला महिना सोडून'मधला. काचवाले तेव्हा नव्या गाडीच्या नादात होते. केशकर्तनालयाचा मोठा आरसा मागे, बायको आणि चौदा वर्षांची मुलगी शेजारी, आणि हे गाडी काय चीज आहे ते दाखवायला निघालेले. शाळेच्या वळणावर आरसा घोड्यावरून सुटला आणि आडवा तडकला. त्याची चीर मुलीच्या डोक्यामागच्या खिडकीतून दिसत होती. पुढे सगळ्यांना ते हेच सांगत आले, की त्या आरशानं मला शहाणं केलं, त्या दिवसापासून मी सांभाळून चालवायला लागलो.

"मला विचारायचं तरी," ते म्हणाले.

"विचारलं होतं. तीनदा." बायकोनं फडकं खाली ठेवलं. "सावकाश चालवा म्हटलं, तर म्हणालात, मला गाडी शिकवू नकोस. मग तुम्हाला शिकवायचं सोडलं, गाडीला शिकवलं."

काचवाल्यांना राग यायला हवा होता. त्यांनी थोडा शोधलाही. पण बारा वर्षांत न तडकलेल्या सगळ्या काचा त्यांच्या डोळ्यांपुढे एका रांगेत उभ्या राहिल्या, आणि त्या प्रत्येकीवर पिवळ्या खडूचा पंचवीस. ज्या गोष्टीचा त्यांना सगळ्यात जास्त अभिमान, तिच्यात हिचा निम्मा वाटा होता आणि तिनं एकदा तोंड उघडून तो मागितला नव्हता. दर वेळी "एक काच तडकलेली नाही" म्हणताना ही शेजारी मापांची वही धरून मान हलवत बसायची! त्यांना आधी लाज वाटली आणि मग एकदम हसू फुटलं. ते असे हसले की आतून मुलगी काय झालं म्हणून बाहेर आली, आणि तिला सांगता सांगता बायकोलाही हसू आवरेना.

"काढा आता तो," बायको डोळे पुसत म्हणाली. "चढाचं काम आहे. आणि पोरगी मोठी झाली. पण मला विचारून काढताय, हे बरं केलंत."

लॅपटॉप घेऊन मागोमाग आलेल्या जावयानं तिथंच काचवाल्यांच्या दुकानापुढे पातळ पात्यानं ठोकळा सोडवला. पेडल दाबून पाहिलं: शंभर. मग त्यानं वायर काढली, लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, "झालं. ट्यूनिंगची गरज नाही."

"अरे, म्हणजे?" मुलगी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "एवढं ओळखीचं गिऱ्हाईक चालून आलंय आणि तू त्याला परत पाठवतोस?"

"गाडीला गरज नाही तर कशाला करायचं? कंपनीनं दिलेली ताकद यांनी अजून वापरलेलीच नाही. तीस काचांना ती पुरेल. नाही पुरली तर मी आहेच." मग सासऱ्यांकडे बघून तो जरा ओशाळून हसला. "साध्या गाडीला ट्यूनिंग करावं का, असं विचारलंत ना? तर आधी ती साधी आहे का, ते बघावं."

काचवाल्यांनी ठोकळा उचलून खिशात टाकला. रविवारी सकाळी ते तो ठोकळा घेऊन जावयाच्या दुकानात गेले, गुडघ्यावर बसून त्यांनी डुगडुगणाऱ्या टेबलाचा पाय उचलला आणि ठोकळा खाली सरकवला. टेबल हलवून पाहिलं. हललं नाही. जावयासाठी आजवर काही मनापासून केलेलं त्यांना आठवत नव्हतं, आणि आज हे केल्यावर त्यांना फार बरं वाटलं.

पण खरी अडचण ते तिथं सांगायला आले होते. त्या सकाळी ते रिकामी गाडी घेऊन टाकीच्या वळणापर्यंत जाऊन आले होते. गाडी रिकामी, म्हणून चढली. पण पाय काही केल्या जुन्या जागेच्या पुढे जाईना. खाली जागा आहे हे डोक्याला कळत होतं, पायाला कळत नव्हतं. एकसष्टापाशी तो भिंत लागल्यासारखा थांबायचा. मुद्दाम जोर लावला तर एकदम खाली जायचा, गाडी हिसका द्यायची, आणि तसा एक हिसका म्हणजे मागच्या तीसही काचा गेल्याच.

"पाय शिकेल, बाबा. आठ-दहा दिवसांत सवय होईल."

"थंडी आठ-दहा दिवस थांबणार नाही आणि बागेचे साहेब उद्यापलीकडे थांबणार नाहीत." काचवाल्यांनी खिशातून किल्ली काढली. ती बोटांत दोनदा फिरवली, तिसऱ्यांदा फिरवली. मग टेबलावर, लॅपटॉपशेजारी ठेवली. "उद्या तुम्ही चालवायची. काचा भरून."

जावयानं किल्ली लगेच उचलली नाही. त्यानं आधी हात पुसले.

सोमवारी सकाळी सात वाजता घोड्यावर तीस काचा उभ्या राहिल्या. खाली ठोकळे, मध्ये कागद, वरून पट्टे. काचवाल्यांनी प्रत्येक पट्टा दोनदा ओढून पाहिला आणि मग आयुष्यात पहिल्यांदा आपल्या गाडीला वळसा घालून दुसऱ्या दारानं आत शिरले. बायको दुकानाच्या दारात उभी होती.

जावई चांगला चालवत होता. गिअर लोण्यासारखे पडत होते, खड्डा दिसायच्या आधी वेग उतरत होता. काचवाल्यांना हे दिसत होतं आणि तरीही शाळेच्या वळणावर त्यांनी दाराची कडी घट्ट धरली. चौकात एक सायकलवाला आडवा आला तेव्हा त्यांचे ओठ हलले. "सावकाश" हा शब्द तीनदा जिभेवर आला, तीनदा त्यांनी गिळला, आणि तो गिळणं किती जड आहे ते त्यांना त्या वयात कळलं.

टेकडी लागली. निम्मा चढ झाला. टाकी दिसली.

"आता पहिला," जावई स्वतःशीच म्हणाला आणि त्यानं पाय हळूहळू, एकसारखा खाली नेला. इंजिनचा आवाज बदलला. काचवाल्यांनी बारा वर्षांत हा आवाज ऐकला नव्हता; भरदार, खालचा, धापा न टाकणारा. गाडी वळणात शिरली. मागे काचा किणकिणल्या आणि काचवाल्यांचा उजवा पाय आपोआप पुढे जाऊन जमिनीवर दाबला गेला, जिथं ब्रेक नव्हता तिथं.

पाय एका खळग्यात बसला.

त्यांनी खाली पाहिलं. मॅटवरची ती झिजलेली जागा. त्यांच्या बुटाचं टोक नेमकं तिथं होतं, नेमक्या त्याच कोनात. कुणी चालत निघालेलं नव्हतं. इथं दहा वर्षं एक बाई प्रत्येक वळणावर ब्रेक दाबत बसली होती. ठोकळ्यानं गाडी आवरली होती. तिची भीती मात्र रोज तिच्याबरोबर या सीटवर बसत होती, आणि ते शेजारी गाणं गुणगुणत चालवत होते, वर तिला चिडवत होते. वळण संपेपर्यंत त्यांनी पाय तिथून काढला नाही.

"चढली, बाबा!" जावई म्हणाला. गाडी बागेच्या फाटकातून आत शिरत होती.

तीस काचा उतरल्या, तिसांच्या तीस. व्यवस्थापकांनी स्वतः मोजल्या आणि म्हणाले, "मग ट्रकवाल्यांना नाही सांगतो." काचवाल्यांनी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला, तोंड उघडलं आणि सवयीनं म्हणाले, "कंपनीतून आली—" मग थांबले. जावई काचा बघत असल्याचं सोंग करत होता. "हे आमचे जावई," काचवाले म्हणाले. "गाड्यांचं बघतात. गरज नसेल तर नाही म्हणून सांगतात. तुमच्या बागेच्या गाड्या यांना दाखवा."

त्या दिवशी तीन खेपा झाल्या. संध्याकाळी, उजेड असतानाच, ते घरी आले. बायको पेटीसमोर बसून नव्या ठोकळ्यांवर आकडे घालत होती.

"चढली का?" तिनं विचारलं.

"चढली."

"काचा?"

"सगळ्या आल्या." काचवाले तिच्याशेजारी खाली बसले. एक ठोकळा हातात घेऊन त्यांनी उगीच उलटा-सुलटा केला. "तुझ्या बाजूची मॅट फार झिजलीय."

"बारा वर्षांनी दिसली का?" ती खडू न थांबवता म्हणाली. "मी तर कुठं चालत निघालेली असते."

"हो," काचवाले म्हणाले. "आज तीन खेपा मी तुझ्याबरोबर चाललो."

तिचा खडू थांबला. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि मग अर्धवट लिहिलेल्या दोनची शेपटी नीट वर नेऊन पूर्ण केली.